रंगारीण अस्वल आणि डोहातली बेडकी

सागाच्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या अगदी वरच्या अंगाला, एक अस्वलीण राहत असे. अस्वल म्हटले की तुम्हाला मधाची पोळी आणि वारुळे आठवतील. पण मुलांनो, ही अस्वलीण रंगारीण होती. सुगरण पक्षिणी रानकापसाचे सूत काढून कापड विणत आणि ते रंगवायला तिच्याकडे आणत. मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून ती लाल रंग करी, पळसाच्या फुलांपासून केशरी आणि निळीच्या पाल्यापासून निळा. तिच्या पंजांचे तळवे कायम रंगलेले असत. ससे तर म्हणत, "आज काय रंगवलं ते विचारायला नको, हात बघितला की कळतं."

तिची कामाची रीत ठरलेली होती. मोठ्या कढईत रंगाचे पाणी तापवायचे. त्यात कापड घालायचे. रंग कापडात नीट शिरावा म्हणून ओंजळी-ओंजळीने मीठ घालायचे. हे मीठ ती जवळच्या खाऱ्या दरडीतून खरवडून आणी. मग कापड ओढ्यावर न्यायचे आणि पाणी निवळ दिसेपर्यंत खळबळून धुवायचे. कढईत उरलेले पाणीही ओढ्यातच ओतायचे. वाहत्या पाण्यात लाल, निळे पट्टे लांबच लांब जात आणि वळणाआड दिसेनासे होत. दिसेनासे झाले म्हणजे गेले, असेच तिला वाटे.

तिच्या घराण्याचा एक नियमही होता. रंगशाळेतल्या पाण्याला जीभ लावायची नाही. रंगाच्या कामात मोरचूद असतो, चुना असतो. तिची एक मावशी सारखे चाखून बघायच्या सवयीने फार आजारी पडली होती. तेव्हापासून त्या घरात सगळी पारख डोळ्यांनीच होई. आणि अस्वलिणीचे डोळे खरोखर असे तयार होते, की डाळिंबाचा लाल कुठला आणि गुंजेचा लाल कुठला, ते ती दुरूनच सांगे.

एके दिवशी दुपारी ती कापड पिळत असताना पायाशी कुणीतरी म्हणाले, "अक्का, जरा खाली बघता का?"

खाली एक बेडकी बसली होती. धापा टाकत होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला एक डोह होता, तिथून ती सकाळी निघाली होती आणि उड्या मारत मारत आत्ता कुठे पोचली होती.

"अगंबाई, एवढ्या उन्हात कशाला आलीस? थांब, तुझ्या अंगावर पाणी घालते," असे म्हणून अस्वलिणीने ओंजळभर पाणी उचलले.

"ओढ्याच्या वरच्या बाजूचं घाला हं," बेडकी घाईने म्हणाली. मग तीच थोडी शरमली. "रागावू नका अक्का. पण त्यासाठीच आले. आमच्या डोहात सकाळी पाणी लाल येतं आणि संध्याकाळी निळं. मी पाणवनस्पतींच्या आड अंडी घातली होती. पांढरी पडली सगळी. एकातूनही पिल्लू आलं नाही."

अस्वलिणीच्या हातातले कापड तसेच राहिले. तिने बेडकीच्या पोटाकडे पाहिले. पोटाची पांढरी कातडी निळसर झाली होती. हा निळा तिच्याच कढईतला होता. तो तिने कुठेही ओळखला असता.

"मला वाटायचं, वळणापलीकडे रंग संपतो," ती हळूच म्हणाली.

"वळणापलीकडे आम्ही आहोत ना," बेडकी म्हणाली.

अस्वलीण मनाने चांगली होती. तिने त्याच दिवशी कापड ओढ्यात धुणे थांबवले. मोठमोठे पंजे चालवून तिने उतारावर एकाखाली एक हौद खणले आणि कढईतले, धुण्याचे, सगळे पाणी वरच्या हौदात सोडले. त्यात तिने चुन्याची निवळी आणि तुरटी घातली आणि निवळीच्या झाडाच्या बिया दगडावर उगाळून मिसळल्या. रंगाचा गाळ हळूहळू तळाला बसला. वरचे पाणी तिने खालच्या हौदात घेतले. तिथे खडे, वाळू आणि कोळशाचे थर होते. त्यातून झिरपून ते शेवटच्या हौदात उतरे. तिथे तिने कर्दळ आणि पाणकणीस लावले होते. इतके केल्यावर पाणी बाहेर आले ते कसे? काचेसारखे! तळाचा खडान् खडा दिसत होता.

बघायला सारे जंगल जमले. एक सुगरण तर हौदाच्या काठावर बसून किती तरी वेळ स्वतःचेच तोंड बघत होती. "बाई, आरसाच केलात हो!" ती म्हणाली. "माझी मान इतकी पिवळी आहे हे मला आजच कळलं."

अस्वलीण नुसती हसली. पण मनातून ती फार सुखावली होती. तिने आनंदाने हौदाचे तोंड ओढ्याकडे उघडले आणि ते निवळ पाणी डोहाकडे निघाले.

पुढे काही दिवसांनी बेडकी पुन्हा आली. अस्वलीण धावतच सामोरी गेली. "ये, ये! आता तर बरं आहे ना? रंगाचा थेंब तरी येतो का?"

"रंग नाही येत अक्का. दिसायला पाणी फार छान झालंय." बेडकी म्हणाली. "पण अंगाला चुरचुरतं. पाण्यात बसलं तरी तहान लागल्यासारखं होतं. आणि अंडी याही वेळी गेली."

अस्वलिणीचा चेहरा उतरला. वरच्या फांदीवर सुगरण विणत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "काहींना कितीही करा, रडगाणं ठरलेलंच! बाईंचे पंजे खणून खणून सोलले, ते नाही दिसत कुणाला."

"दिसतात हो," बेडकी म्हणाली. "म्हणून तर बोलायला जीभ रेटत नव्हती. पण अक्का, तुम्ही पाणी डोळ्यांनी बघता. आम्ही बेडकं पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं पितो. डोहात जे असेल ते आमच्या अंगात शिरतं. काहीतरी आहे त्यात. काय ते मला सांगता येत नाही."

"अगं, काय असेल?" अस्वलीण दुखावून म्हणाली. "तूच बघ, काचेसारखं आहे. आता माझं पाणी चांगलं असून तुला चुरचुरत असेल, तर तुझ्या कातडीचंच काही बिघडलं असेल."

शब्द बाहेर पडताच तिलाही ते बरे वाटले नाही. पण एकदा बोललेले शब्द परत घेता येत नाहीत. बेडकी वळली आणि दगडावरून दगडावर उड्या मारत खाली निघून गेली. बिचारीच्या उड्या आता पूर्वीसारख्या लांब पडत नव्हत्या.

असेच दिवस गेले आणि उन्हाळा लागला. हत्तींच्या कळपातून निरोप आला. कळपाच्या थोरल्या हत्तिणीला नात झाली होती आणि बारशाला पिल्लाच्या पाठीवर घालायला लाल झूल हवी होती. "जंगलात कुणी पाहिला नसेल असा लाल करा," असा तिचा सांगावा होता. अस्वलीण हरखून गेली. सुगरणीही आपापला चिवचिवाट सोडून विणायला बसल्या.

झूल विणून झाली. पण तोवर ओढा आटत आटत करंगळीएवढा झाला होता. एवढ्याशा धारेवर कढई भरणार कधी आणि कापड धुणार कसे? अस्वलीण विचार करत हौदापाशी उभी राहिली. शेवटच्या हौदात तेच निवळ पाणी चमकत होते.

"वेडी मी!" ती स्वतःशीच म्हणाली. "इतकं स्वच्छ पाणी घरात असताना ओढ्याकडे बघतेय! हेच पुन्हा वापरू या."

आधी नमुना म्हणून तिने एक लहान तुकडा रंगवायला घेतला. कढईत हौदातले पाणी घेतले, मंजिष्ठा उकळली, रीतीप्रमाणे मीठ घातले. तुकडा बाहेर काढला आणि ती बघतच राहिली. कुठे गडद लाल, कुठे फिका, मध्येच डाग. वाळल्यावर तर त्यावर पांढरी भुकटी धरली.

"सुगरणबाई!" तिने हाक मारली. "सूत कसलं वापरलंत हे? सगळं डागाडागांचं झालं."

सुगरण खाली उतरली. तिने तुकडा चोचीने उलटापालटा करून पाहिला. "माझ्या सुताला नाव ठेवू नका हं! याच सुताचं केशरी कापड मागे तुम्ही रंगवलंत, तेव्हा म्हणालात, लोण्यासारखं सूत आहे. आता एकदम खराब झालं का?"

"मग माझ्या रंगात काय बिघडलं? मी काय आज पहिल्यांदा रंगवतेय का?"

"मला काय विचारता? मी विणणारी. वीण बघा, कुठे चुकली असेल तर सांगा!"

दोघींचे असे चालले असताना मागे सपसप, सपसप असा आवाज येऊ लागला. वळून पाहतात तो काय! एक भले मोठे सांबर वाळत घातलेला तुकडा जिभेने चाटत होते. डोळे मिटून, अगदी मन लावून.

"अहो, अहो! हे काय चालवलंय?" सुगरण ओरडली.

सांबराने एक डोळा उघडला. "चाटतोय."

"ते दिसतंय! कापड काय चाटायची वस्तू आहे?"

"नव्हती आजवर," सांबर शांतपणे म्हणाले. "आम्ही आपले खाऱ्या दरडीवर जात होतो मीठ चाटायला. या बाईंनी दरड खरवडून खरवडून नेली. आता तिथे मीठ थोडं, मातीच जास्त. मग म्हटलं, मीठ जिथे गेलंय तिथे आपण जावं. छान आहे हो. दरडीपेक्षा खारट आहे."

"खारट?" अस्वलीण म्हणाली. "नाही, नाही. रंगवल्यावर मी तो हौदातल्या पाण्याने कितीदा तरी धुतला. मीठ राहील कसं?"

"आता चाटल्यावर खोटं कशाला बोलू?"

अस्वलिणीने तुकडा हातात घेतला. घराण्याचा नियम तिला आठवत होता. तरी तिने त्या पांढऱ्या भुकटीवर जिभेचे टोक जरासे टेकवले आणि लगेच थुंकले. मग ती हौदापाशी गेली आणि बोट बुडवून त्यातल्या पाण्याचा एक थेंब जिभेवर घेतला. तोही थुंकला.

पाणी समुद्रासारखे खारट होते.

आता सारे तिच्या ध्यानात येऊ लागले. तुरटीने आणि निवळीने रंग तळाला नेला, वाळूने घाण अडवली. पण मीठ पाण्यात विरघळलेले असते. ते गाळात बसत नाही, वाळूत अडकत नाही, कोळशालाही दाद देत नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते मुकाट्याने बरोबर जाते, आणि डोळ्यांना दिसत तर मुळीच नाही. आधीच खारट असलेल्या पाण्यात तिने आणखी मीठ टाकले होते, म्हणून रंग घाईघाईने जिथे सापडेल तिथे चिकटला आणि डाग पडले. ते जाऊ द्या. एक तुकडा बिघडला, दुसरा करता येईल. पण गेले कितीतरी दिवस ती ओंजळी-ओंजळीने दरड खरवडत होती, आणि ते सगळे मीठ कुठे गेले होते?

"डोहात," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, तुझी कातडी बिघडली असेल."

सुगरणीने मान खाली घातली.

अस्वलीण तशीच डोहाकडे निघाली. जाताना तिने एक धडके कापड ओढ्याच्या धारेत भिजवून बरोबर घेतले. डोहावर पोचली तेव्हा तिला गलबलून आले. पाणी खूप खाली गेले होते आणि काठच्या चिखलावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. पाणवनस्पती करपल्या होत्या. बेडकी पाण्याबाहेर एका दगडाच्या सावलीत बसली होती. बेडकी, आणि पाण्याबाहेर!

"चुकले गं मी," अस्वलीण म्हणाली. "पाण्यात मीठ होतं. माझंच. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते."

बेडकीने तिच्याकडे पाहिले. तिला रागवायचेही त्राण नव्हते. "मीठ होय! चला, कळलं तरी काय होतं ते. मला आपलं वाटायला लागलं होतं, की खरंच माझंच काही बिघडलंय."

"नाही, नाही. आजपासून माझ्या हौदातला एक थेंब ओढ्यात येणार नाही. ओढ्याचं गोडं पाणी येत राहिलं की डोह पुन्हा गोडा होईल. थोडा वेळ लागेल, धार बारीक आहे. तेवढा वेळ मला दे."

"मी देईन हो," बेडकी म्हणाली, "पण पोटाला थांबायला सांगता येतं का, अक्का? अंडी भरली आहेत. दोनचार दिवसांत घालावीच लागतील. कातळाच्या पलीकडे एक झरा आहे म्हणतात. पण मधला कातळ असा तापतो, की अर्ध्या वाटेतच माझा पापड होईल."

"बरं झालं, हे भिजलेलं कापड आणलंय," अस्वलीण म्हणाली. "मी नेते तुला. पण कातळ दिवसा पार करता येणार नाही. जरा आभाळ येऊ दे. तोवर माझ्याकडे चल. धारेजवळ ओलाव्यात बस."

तिने बेडकीला त्या गार कापडात अलगद गुंडाळले आणि वर आणले.

रंगशाळेत आल्यावर पहिले काम तिने हौदाचे तोंड बंद करण्याचे केले. मग ती सुगरणींना म्हणाली, "आपण सगळं पाणी एकात ओतत होतो, तिथेच चुकत होतो. खारट पाणी वेगळं ठेवलं पाहिजे."

सगळ्या कामाला लागल्या. हौद रिकामे केले, वाळू धुऊन काढली, खाऱ्या पाण्याने करपलेली कर्दळ आणि पाणकणीस काढून नवे लावले. ते जुने खारट पाणी आणि वाळूचे धुवण त्यांनी रंगशाळेमागच्या सपाट कातळावर, मातीचे बांध घालून, पातळ पसरले. उन्हाने पाणी उडून गेले आणि खाली मीठ उरले. तेच खरवडून पुढच्या रंगाला घ्यायचे ठरले. दरडीला आता हात लावायचा नव्हता. सांबर तिथेही जीभ लावायला आले, तेव्हा अस्वलिणीने त्याला मागे ढकलले. "हे नाही चाटायचं, दादा. यात रंगाचा अंश आहे. तुमची दरड तुम्हाला सोडली, तिकडे जा."

कढईतले रंगाचे पाणी फेकायचे नाही. पुढचे लाल कापड त्यातच रंगवायचे, म्हणजे रंगही कमी लागतो आणि मीठही. कापडाचे पहिले धुणे खारट निघते, तेही कातळावरच न्यायचे. नंतरची धुणी मात्र जवळजवळ गोडी असतात. ती चुना, तुरटी, निवळी, वाळू, कोळसा असे सगळे संस्कार करून शेवटच्या हौदात घ्यायची आणि तेच पाणी पुढच्या धुण्याला वापरायचे. कमी पडेल तेवढीच भर ओढ्याची. अस्वलिणीने त्या पाण्यात पुन्हा एक तुकडा रंगवून पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा लाल! वाळल्यावर तिने तो सांबराच्या नाकापुढे धरला. सांबराने एकदा जीभ फिरवली, तोंड वाकडे केले आणि निघून गेले.

"पसंत नाही पडलं!" सुगरण टाळी वाजवावी तशी पंख फडफडवत म्हणाली.

आता झूल रंगवायला हरकत नव्हती. झूल कढईतून निघाली, एकदा धुऊन झाली. शेवटच्या हौदातले शेवटचे धुणे तेवढे राहिले. त्याच दुपारी आभाळ भरून आले आणि झऱ्याच्या वाटेवरचा कातळ निवला. अस्वलिणीने ओले कापड घेतले आणि धारेजवळ बसलेल्या बेडकीला उचलले.

"चल, झऱ्यावर नेते तुला."

दोघी हौदाच्या कडेने निघाल्या. पाणकणसाच्या मुळाशी पाणी बारीक आवाज करत झिरपत होते.

"अक्का, थांबा," कापडातून बेडकी म्हणाली. "मला इथे खाली ठेवा."

"इथे? नको गं. हे माझं पाणी आहे. एकदा नुकसान केलं तेवढं पुरे."

"पाणी कुणाचं ते मला कळत नाही. कसं आहे ते कळतं."

अस्वलिणीने तिला काठावर ठेवले. बेडकीने आधी एक पाय पाण्यात घातला. थांबली. मग दुसरा. अस्वलिणीला म्हणावेसे वाटत होते, की बघ, किती निवळ आहे. पण ती गप्प राहिली. बेडकीने पोट टेकवले, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. उन्हाळ्याभराची तहान ती अंगाने पीत होती. मग तिने डुबकी मारली आणि कर्दळीच्या मुळाशी नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे अंड्यांचा एक पुंजका तरंगत होता. साबुदाण्यासारखा, आणि प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका.

सुगरणीने ते पाहिले आणि डोक्याला पंख लावला. "आता काय करायचं हो, बाई? याच हौदात झुलीचं शेवटचं धुणं आहे! आणि थोरल्या हत्तीणबाई उद्या येणार."

"आता या हौदात धुणं नाही," अस्वलीण म्हणाली. "पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत नाही."

"आणि हत्तीणबाईंना काय सांगणार? बेडकीची अंडी आहेत म्हणून?"

"हो. तेच सांगणार."

थोरली हत्तीण आली तेव्हा जमीन हादरत होती. पाठोपाठ तिची नात, आपल्याच सोंडेत पाय अडकवत. "झूल कुठे आहे?" हत्तिणीने विचारले.

इतके मोठे काम अस्वलिणीला आजवर कुणी दिले नव्हते, आणि पुन्हा कुणी देईल की नाही, कुणास ठाऊक. "आईसाहेब, झूल रंगली आहे. पण शेवटचं धुणं राहिलं. त्याशिवाय ती बाळाच्या अंगाला लागता कामा नये. आणि धुवायचं पाणी सध्या दुसऱ्या कामात आहे."

"कसल्या कामात?"

अस्वलिणीने हौदाकडे बोट केले. हत्तीण सावकाश काठाशी गेली. तिने खाली वाकून पाहिले. नात तिच्या पायांमधून डोकावली.

"आजी, ते ठिपके हलतायत!"

"हळू बोल," हत्तीण म्हणाली. तिने बराच वेळ त्या पुंजक्याकडे पाहिले, मग काठावर दबून बसलेल्या बेडकीकडे. "आम्ही खाली डोहावर गेलो होतो मागे," ती म्हणाली. "पाणी तोंडात घेतलं आणि टाकून दिलं. मला वाटलं, हा डोह आता संपला. बाई, हे पाणी रंगशाळेतून निघालेलं आहे?"

"हो, आईसाहेब."

"आणि ही त्यात अंडी घालते?"

"तिने स्वतः बघून घातली," सुगरण मध्येच म्हणाली. कालपर्यंत बेडकीला टोमणे मारणारी ती, आता तिचाच कैवार घेत होती. "पाय टेकवून, पोट टेकवून, सगळं तपासून!"

हत्तीण मागे सरली आणि नातीला सोंडेने जवळ ओढले. "मग झुलीची घाई नाही. बारसं पुढे नेऊ. नाव काही पळून जात नाही. एका पिल्लाच्या झुलीसाठी एवढ्या पिल्लांचं घर खळबळायचं, हे आमच्या कळपात शोभत नाही."

पुढे ती पिल्ले वाढली. आधी शेपट्या वळवळल्या, मग मागचे पाय आले, मग पुढचे. रोज कुणी ना कुणी बघायला येई. हत्तिणीची नात तर सगळ्यांत आधी. तोवर ओढ्याची गोडी धार डोहात येत राहिली आणि काठावरची पांढरी रेघ विरून गेली. एका ओलसर सकाळी बोटाच्या पेराएवढी बेडके हौदातून टुणटुण बाहेर पडली. काठावर वाळत पडलेल्या लाल झुलीवरून त्यांनी उड्या मारल्या आणि ओढ्याच्या कडेकडेने ती डोहाकडे चालू लागली. मागून बेडकी जात होती. तिची उडी आता लांब पडत होती. वळणापाशी थांबून ती ओरडली, "अक्का, हौद रिकामा झाला! धुवा आता झूल!"

अस्वलिणीने झूल उचलली. पण पाण्यात बुडवायच्या आधी ती गुडघ्यांवर बसली आणि कर्दळीच्या मुळांमध्ये नीट पाहू लागली, एखादे धाकटे मागे तर राहिले नाही ना.

तात्पर्य : जे पाणी आपल्याला पुन्हा वापरवत नाही, ते दुसऱ्याच्या दारी सोडू नये, आणि ते शुद्ध झाले की नाही, हे आपल्या डोळ्यांना नव्हे, ज्याला त्यात राहायचे आहे त्याला विचारावे.